पाण्याचा सातबारा

मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये घेतला. मासे पाळणाऱ्याला आणि पकडणाऱ्याला शेतकऱ्याप्रमाणे कृषी दराने वीज मिळावी, किसान क्रेडिट कार्डावर कर्ज मिळावे, विम्याचे संरक्षण लाभावे, हा त्या निर्णयाचा गाभा. निर्णय स्वागतार्ह आहे. तो पूर्वीच व्हावयास हवा होता, असेही म्हणता येईल. मात्र शेतीचा दर्जा म्हणजे केवळ शेतीच्या सवलती असा अर्थ कोणी घेत असेल तर तो अपुरा ठरेल. या राज्यात शेतीबरोबर आणखी एक गोष्ट येते. ती म्हणजे सातबाराचा उतारा. जमीन कोणाची, कसतो कोण, तिच्यावर बोजा कोणाचा, इतर हक्क कोणाचे आणि यंदा पीक कोणते, हे सांगणारा हा कागद कोणालाही पाहता येतो. मत्स्यव्यवसाय ज्या पाण्यावर चालतो त्या पाण्याला असा कागद नाही. शेतीच्या सवलती मिळाल्या, पण शेतीची उघड नोंद मिळाली नाही, तर या दर्जाचा लाभ पाण्यावर जगणाऱ्याला होईल की पाण्याच्या कागदावर जगणाऱ्याला, हा प्रश्न विचारला पाहिजे. आणि तो विचारण्यास पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याइतके योग्य ठिकाण दुसरे सापडणे कठीण आहे.

कागदावर नाव नसलेली माणसे

मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमावर टाटा कंपनीने धरण बांधावयास घेतले, तेव्हा मावळातील शेतकऱ्यांनी १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची प्रतिज्ञा होती. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे बिरुद ज्या लढ्याने दिले, तो हा लढा. विनायकराव भुस्कुटे यांनी त्याची संघटना उभारली आणि पुढे त्याचा इतिहासही लिहिला. लढा अखेरीस मोडला, धरण झाले, आंबेमोहराची खाचरे पाण्याखाली गेली. सह्याद्रीच्या माथ्यावर अडविलेले हे पाणी आजही पश्चिमेला भिरा येथील वीजगृहावर सोडले जाते.

या लढ्याचा त्याग पाठ्यपुस्तकांतून सांगितला जातो. त्यातील एक बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. जमीन रीतसर संपादन होण्यापूर्वीच शेतात चर खोदले जाऊ लागले, तेव्हा मावळ्याला आपल्या शेताचे भवितव्य कळले. ते आधीच ठरविले गेले होते, पण त्याला कोणी सांगितले नव्हते. दुसरी गोष्ट त्याहून बोचरी आहे. जमिनीचा कसणारा एक होता आणि कागदावरचा मालक पुष्कळ ठिकाणी दुसरा, म्हणजे सावकार होता. लढा लांबला तसे अनेक सावकारांचे लक्ष जमीन वाचविण्यावरून भरपाईच्या आकड्याकडे वळले. ज्याचे नाव कागदावर होते त्याला पैसे मिळण्याची आशा तरी होती. ज्याचे नाव नव्हते त्याच्या वाट्याला केवळ स्थलांतर आले. रानावनात आणि नदीच्या डोहात उपजीविका शोधणाऱ्या कातकऱ्याचे नाव तर कोणत्याच कागदावर नव्हते. त्यामुळे त्याने काय गमावले याचा हिशेब कोणी मांडलाच नाही.

शंभर वर्षांनंतर त्याच खोऱ्यांत पाण्याची वाटणी नव्याने होत आहे. या वेळी वाटणी जमिनीची नाही, पाण्यातील उत्पन्नाची आहे. आणि कागदाचा प्रश्न तेथेच उभा आहे.

एक तालुका, अनेक मालक

मुळशी तालुक्यातील पाण्याचे मालक अनेक आहेत. मुळशीचे धरण खाजगी वीज कंपनीचे. मुठेवरील टेमघर आणि मोसे खोऱ्यातील वरसगाव ही धरणे जलसंपदा खात्याची. लहान पाझर तलाव जिल्हा परिषदेकडे, गावतळी ग्रामपंचायतीकडे. पाटबंधाऱ्यांच्या जलाशयांत मासेमारीचा ठेका देण्याचा अधिकार आणखी एका खात्याचा, म्हणजे मत्स्यव्यवसाय विभागाचा. पाणी एकाकडे, काठ दुसऱ्याकडे, मासा तिसऱ्याकडे आणि अनुदान चौथ्याकडे. अशा व्यवस्थेत एखाद्या तळ्यावर जाळे टाकण्याचा हक्क कोणाचा, हा साधा प्रश्न घेऊन एखादा कातकरी तरुण पौडच्या तहसील कचेरीत गेला, तर त्याला पुण्याला पाठविले जाते. पुण्यात गेला तर ठेका संस्थेकडे आहे असे सांगितले जाते. आणि संस्थेचा फलक शोधत तो परत आला, तर तळ्यावर भलत्याच माणसाची राखण दिसते. या माणसाने कोणता गुन्हा केला? त्याने केवळ माहिती मागितली.

महाराष्ट्रातील जलाशय मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांना ठराविक मुदतीच्या ठेक्याने देण्याची पद्धत जुनी आहे. तिच्यामागील हेतूही चांगला होता. काठावर राहणाऱ्या, मासेमारी जाणणाऱ्या माणसांनी संघटित व्हावे, व्यापाऱ्याच्या उचलीतून सुटावे, ही सहकाराची मूळ कल्पना. परंतु संस्था कागदावर आदिवासींची किंवा मच्छीमारांची, आणि व्यवहार मात्र बाहेरच्या ठेकेदाराचा, ही तक्रार राज्याच्या सर्वच भागांतून वर्षानुवर्षे ऐकू येते. ठेक्याचे नियम २०१७ मध्ये बदलले, २०१९ मध्ये पुन्हा बदलले. संस्थेला प्राधान्य द्यावे की निविदा मागवावी, ठेक्याची रक्कम किती असावी, बोटुकली किती सोडावी, हे प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने सोडविले गेले. हे सारे शासन निर्णयांतून होते. शासन निर्णय सरकारच्या संकेतस्थळावर मराठीतच उपलब्ध असतात, हे मान्य केले पाहिजे. पण त्या मराठीत ‘वाचा’ म्हणून मागच्या दहा संदर्भांची यादी, ‘अधिक्रमित’, ‘उपरोक्त’ आणि ‘तद्नंतर’ यांची दाटी, आणि शेवटी वीस कार्यालयांना प्रत. त्या वीस प्रतींत तळ्याच्या काठावरच्या माणसाला एकही प्रत नसते. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने राज्यकारभाराची भाषा मराठी केली; ती राज्यकर्त्यांची आणि रयतेची सामाईक भाषा होणे अजून बाकी आहे.

बीज मोजणार कोण?

मासा हे पीक इतर पिकांहून वेगळे आहे, आणि उघड नोंदीची गरज तेथेच सर्वांत अधिक आहे. कटला, रोहू, मृगळ हे ज्यांचे उत्पादन वाढवावयाचे ते मासे वाहत्या पुराच्या पाण्यात प्रजनन करणारे आहेत. बांधलेल्या, संथ पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. पूर्वी त्यांचे बीज नद्यांतूनच गोळा करून दूरदूरच्या तळ्यांत न्यावे लागे. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधुरी यांनी कटक येथे पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या माशांचे प्रजनन घडवून आणले आणि मत्स्यबीज केंद्रांची वाट मोकळी झाली. तो दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. या शोधामुळे बीज मुबलक झाले. परंतु जलाशयात मासा मिळावयाचा तर दर पावसाळ्यात ते नव्याने सोडावे लागते, ही स्थिती कायम राहिली. मत्स्यजिऱ्यापासून बोटभर लांबीच्या बोटुकलीपर्यंत पिलू वाढवून मगच ते सोडले तर जगते. त्याहून लहान सोडले तर मोठ्या माशांचे खाद्य होते.

म्हणजे जलाशयाचे उत्पन्न शेवटी एका प्रश्नावर येऊन थांबते: बोटुकली खरोखर सोडली काय, किती सोडली, आणि केवढी होती? रस्ता खराब झाला तर खडी उकरून दाखविता येते. शाळेचे छप्पर गळाले तर ते गावाला दिसते. पण लाखभर बोटुकली सोडल्याची नोंद झाली आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्मीच सोडली गेली, तर पाणी साक्ष देत नाही. दोन वर्षांनी जाळ्यात मासा आला नाही, की दोष पुराला, उन्हाळ्यात खाली गेलेल्या पातळीला किंवा चोरट्या मासेमारीला देता येतो. तो खराही असू शकतो. येथे कागद हाच एकमेव साक्षीदार असतो, आणि तो कपाटात बंद असेल तर खटला उभाच राहत नाही.

किती सोडले याइतकाच कोणता मासा सोडला हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. कर्नल सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये ज्या महाशीर माशाचे शास्त्रीय वर्णन केले, तो त्याला पुण्याजवळ मुळा-मुठेच्या प्रवाहात मिळाला होता. ‘खुदरी’ हे त्याचे नाव आजही जगाच्या प्राणिशास्त्रात चालते. ज्या नदीने जगाला हे नाव दिले तिच्यात आज चिलापीसारख्या परक्या माशांची वस्ती झाली आहे. टाटा कंपनीच्या लोणावळ्याच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीरचे बीज तयार करून ते तलावांत सोडले जाते, ही स्तुत्य गोष्ट आहे. उलट बाजूस आफ्रिकन मांगूर आहे. बाजारात थाई मांगूर म्हणून ओळखला जाणारा हा हावरा मासा देशी माशांचा फडशा पाडतो म्हणून केंद्र सरकारने २००० साली त्याच्या पैदाशीवर बंदी घातली. तरी उजनीच्या परिसरात त्याची तळी वर्षानुवर्षे उघडपणे चालली, आणि राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतरच ती नष्ट करण्याची मोहीम राज्यात निघाली. कोणत्या तळ्यात कोणता मासा पाळण्याची परवानगी आहे याची यादी गावाच्या चावडीवर लागली असती, तर बंदी अमलात यावयास लवादाची वाट पाहावी लागली नसती. शेजाऱ्याच्या तळ्यात काय आहे हे गावाला ठाऊकच असते. ते बेकायदा आहे की नाही, एवढेच त्याला ठाऊक नसते.

दोन कायद्यांचे कलम चार

माहिती उघड करण्याचा कायदा देशात नाही असे नाही. महाराष्ट्राने २००० साली पहिला, तोकडा कायदा केला; २००२ मध्ये त्याच्या जागी अधिक सकस कायदा आणला. त्याच्या अंमलबजावणीसाठी अण्णा हजारे यांना ऑगस्ट २००३ मध्ये उपोषण करावे लागले. त्यानंतर संसदेचा माहिती अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ रोजी पूर्णपणे अमलात आला. दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवसांची मुदत हे या कायद्याचे लोकांना परिचित असलेले रूप आहे. त्याचा आत्मा मात्र कलम ४ मध्ये आहे. कोणी मागो वा न मागो, सरकारी कार्यालयाने आपणहून माहिती प्रसिद्ध केली पाहिजे, असे हे कलम सांगते. अनुदानाच्या योजना कशा राबविल्या, किती रक्कम दिली, लाभार्थी कोण. सवलती, परवाने आणि अधिकारपत्रे कोणाला दिली. महत्त्वाची धोरणे आखताना त्यामागील वस्तुस्थिती काय होती. ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला त्याची कारणे काय सांगितली, हे सारे त्यात येते. तेही स्थानिक भाषेत आणि लोकांपर्यंत पोचेल अशा साधनांनी. तलावाचा ठेका म्हणजे अधिकारपत्रच नव्हे काय? पिंजऱ्यातील मत्स्यसंवर्धनासाठी २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेखाली मिळणारे अनुदान सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के असते. ते कोणाला मिळाले, हे सांगणे या कलमाखालील कर्तव्य नव्हे काय? खाजगी धरणाचा मुद्दाही आडवा येऊ नये. ज्या खाजगी संस्थेची माहिती सरकारला कोणत्याही कायद्याखाली मिळविता येते, ती माहिती नागरिकालाही मागता येते, असे याच कायद्याच्या व्याख्येत नमूद आहे.

मुळशीच्या संदर्भात एक योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. ज्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याने मावळ्यांच्या जमिनी गेल्या, त्यातही कलम ४ हेच सूचनेचे कलम होते. जमीन हवी असल्याची अधिसूचना राजपत्रात द्यावी आणि त्या परिसरात सोयीच्या ठिकाणी जाहीर करावी, असे ते कलम सांगत असे. परक्या सरकारनेदेखील कागदावर तरी रयतेला सांगण्याची जबाबदारी नाकारली नव्हती. तो कायदा २०१३ च्या नव्या कायद्याने रद्द झाला. स्वराज्यातील कलम ४ मात्र जिवंत असूनही पाळले जात नाही. पुष्कळ कार्यालयांत ते वर्षातून एकदा अद्ययावत केल्याचा शेरा मारून धारिकेत ठेवले जाते.

आणि जे आपणहून दिले जात नाही ते अर्ज करून मिळविण्याची वाटही अरुंद होत आहे. राज्य माहिती आयोगापुढे प्रलंबित असलेली अपिले आणि तक्रारी २०२३ मध्ये एक लाखाहून अधिक होत्या. तलावाचा ठेका पाच वर्षांचा आणि त्याविषयीच्या अपिलाची सुनावणी दोन-तीन वर्षांनी, अशी स्थिती असेल तर उत्तर हाती येईपर्यंत मासा विकला गेलेला असतो. त्यात २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यातील कलम ८ मध्ये बदल केला. व्यापक जनहित असेल तर वैयक्तिक माहितीही द्यावी, ही त्या उपकलमातील अट निघाली. संसदेला वा विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारू नये, हे वचनही निघाले. जनहितासाठी माहिती देण्याची मुभा अन्य उपकलमात शिल्लक आहे. पण नकार द्यावयाचाच असे ठरविलेल्या अधिकाऱ्याला ‘लाभार्थ्याचे नाव ही वैयक्तिक बाब आहे’ असे लिहिण्याची सोय आता अधिक झाली आहे. सरकारी तिजोरीतून अनुदान घेणाऱ्याचे नाव खाजगी आणि कर भरणाऱ्याचा प्रश्न आगाऊ, असा अर्थ यातून निघू देता कामा नये.

उशिरा मिळालेल्या माहितीची किंमत काय, हेही मुळशी तालुक्यानेच पाहिले आहे. वरसगावच्या जलाशयाकाठी उभ्या राहिलेल्या लवासा प्रकल्पासंबंधीची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये निकालात काढली. जमिनी देण्याच्या व्यवहारात पारदर्शकता नव्हती, असे न्यायालयाने आपल्या निकालात नोंदविले. पण याचिका फार उशिरा आली, आता हस्तक्षेप करता येणार नाही, असेही सांगितले. कागद वेळेवर उघड झाला तर तो हक्क ठरतो. उशिरा उघड झाला तर तो केवळ इतिहास ठरतो.

जेथे नोंद उघड झाली

हे सारे अशक्य आदर्श आहेत असे म्हणता येणार नाही. मध्य प्रदेशात तवा धरणाच्या विस्थापित आदिवासींनी लढून १९९६ मध्ये त्या जलाशयातील मासेमारीचा हक्क मिळविला आणि तवा मत्स्य संघ चालवून दाखविला. बीज किती सोडले, मासा किती निघाला, कोणाला किती मजुरी मिळाली, याचे हिशेब त्यांनी लोकांपुढे ठेवले. २००६ नंतर त्यांचा ठेका पुढे चालू राहिला नाही. तरी या प्रयोगाचे मोल आज सांगता येते, कारण त्याची आकडेवारी उघड होती. पुणे जिल्ह्यातच आंबेगाव तालुक्यात डिंभे धरणाच्या आदिवासी विस्थापितांनी ‘शाश्वत’ संस्थेच्या साहाय्याने मच्छीमारांची सहकारी संस्था उभारली. मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांकडून त्यांनी पिंजऱ्यात बोटुकली वाढविण्याचे तंत्र आत्मसात केले. ज्याला तळ्याचे सारे व्यवहार ठाऊक असतात तो त्या तळ्याची राखणही करतो, हे डिंभ्याने दाखविले.

परदेशातील उदाहरण हवे असेल तर नॉर्वेचे आहे. तेथील सामन माशांचा व्यवसाय अब्जावधींचा आणि स्पर्धा तीव्र आहे. तरीही कोणत्या जागेचा परवाना कोणाकडे आहे याची नोंदवही तेथे सर्वांना खुली असते. प्रत्येक मत्स्यशेतीवरील माशांना लागलेल्या उवांची संख्याही आठवड्याच्या आठवड्याला प्रसिद्ध होते. त्यामुळे तेथील उद्योग बुडाला नाही. व्यापारी गुपिताच्या नावाने आपल्याकडे जे झाकले जाते, ते तेथे व्यवसायाची अट म्हणून उघड केले जाते.

आक्षेप आणि उत्तर

याविरुद्ध काही आक्षेप घेतले जातात, आणि त्यांतील काही प्रामाणिक आहेत. मत्स्यव्यवसाय खात्यात मनुष्यबळ अपुरे आहे. एकेका अधिकाऱ्याकडे अनेक तालुके. त्याने फलक लावावेत की तळी पाहावीत? पण हीच माहिती पुन्हा पुन्हा अर्जांना उत्तर म्हणून द्यावी लागते, तेव्हा त्याच अधिकाऱ्याचा वेळ जातो. एकदा लावलेला फलक शंभर अर्ज वाचवितो. दुसरा आक्षेप असा की माहिती अधिकाराचा वापर काही जण धाकदपटशासाठी करतात. करीत असतीलही. परंतु धाक गुप्त गोष्टीचा असतो. जी गोष्ट चावडीवर लिहिलेली आहे तिची भीती दाखवून कोणी पैसे उकळू शकत नाही. शिवाय या कायद्याची खरी किंमत कोणी मोजली, हे शेजारच्या मावळ तालुक्याला विचारावे. जमिनींचे गैरव्यवहार उघड करणारे सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडे येथे हत्या झाली. जी माहिती सरकारने स्वतः फलकावर लावावयाची, ती काढण्यासाठी एकट्यादुकट्या नागरिकाला जीव धोक्यात घालावा लागू नये.

सातबारा तरी कोठे निर्दोष आहे, असेही विचारता येईल. तो निर्दोष नाही. चुकीच्या नोंदी, रखडलेले फेरफार, वारसांचे तंटे यांचे अनुभव घरोघरी आहेत. पण चूक दिसते म्हणूनच ती दुरुस्त करण्याची मागणी होते. फेरफाराची नोटीस चावडीवर लागते, हरकतीला मुदत मिळते. कुळाचे नाव नोंदीवर होते म्हणून १ एप्रिल १९५७ च्या कृषिदिनी असंख्य कुळे जमिनीची मालक होऊ शकली, आणि ज्यांची नावे लागली नव्हती ती मागे राहिली. २०२१ पासून शेतकरी ई-पीकपाहणीच्या साहाय्याने आपले पीक स्वतः नोंदवितो. त्याच रीतीने मच्छीमाराला आपला मासा नोंदविता येणार नाही, असे मानण्यास कोणतेही कारण नाही.

चावडीवर काय लागावे

तेव्हा मागणी माफक आहे. राज्यातील प्रत्येक जलाशयाचा आणि तळ्याचा एक उतारा असावा. त्यात पाण्याचा मालक, जलक्षेत्र, ठेकेदार संस्था, तिच्या सभासदांची संख्या, ठेक्याची रक्कम व मुदत, चालू वर्षी सोडलेल्या बीजाची जात, लांबी, संख्या व तारीख, निघालेला मासा, दिलेले अनुदान, आणि काठावरील कोळी, कातकरी व विस्थापित कुटुंबांचे ‘इतर हक्क’ यांची नोंद असावी. हा उतारा संकेतस्थळावर तर असावाच, शिवाय काठावर आणि ग्रामपंचायतीच्या फलकावरही असावा. बोटुकली सोडण्याचा दिवस आधी जाहीर व्हावा, ती गावकऱ्यांसमक्ष मोजली जावी आणि पंचनाम्यावर त्यांच्या सह्या घेतल्या जाव्यात. ठेक्याचा हिशेब वर्षातून एकदा ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्यांत मजुरांच्या हजेरीपत्रकांचे असेच जाहीर वाचन केले. देशातील माहितीच्या अधिकाराची चळवळ त्यातूनच बळावली.

यासाठी नवा कायदा लागत नाही. २००५ च्या कायद्याचे कलम ४ पुरेसे आहे. एक शासन निर्णय आणि तो पाळण्याची इच्छा एवढेच हवे. कृषीचा दर्जा दिल्याचे श्रेय सरकारने जरूर घ्यावे. त्या दर्जाबरोबर येणारी उघड नोंदही द्यावी, म्हणजे सवलती योग्य हाती पडल्या की नाही हे लोकांना ठरविता येईल.

पुण्यातील एका हमरस्त्याला सेनापती बापटांचे नाव आहे. ज्या मावळ्यांसाठी ते तुरुंगात गेले त्यांच्या नातवंडा-पणतवंडांना आज कोणी ‘जान किंवा जमीन’ अशी प्रतिज्ञा करावयास सांगत नाही. जमीन पाण्याखाली गेली, ती परत येणार नाही. त्या पाण्यात जाळे टाकण्याचा हक्क कोणाचा, हे सांगणारा एक कागद मात्र त्यांना देता येईल. १९२१ मध्ये तो मिळाला नाही, कारण सरकार परके होते. आज तो न देण्यास तेवढेही कारण उरलेले नाही.